बाबांची सोय

सोमवार, दुपार

दादा,

फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस, आणि गेले दोन महिने तर फोनच उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. कागदाला मध्येच तोडता येत नाही. फाडता येतो, पण तेवढे कष्ट तू घेशील असं वाटत नाही.

बाबा आणि मी तळ्याकाठच्या एका लहानशा गावी आलो आहोत. हवापालट, दुसरं काही नाही. हंगाम संपलाय. पायडलच्या होड्या उलट्या करून ताडपत्रीखाली ठेवल्यात, आइस्क्रीमच्या टपरीला कुलूप आहे, आणि हॉटेलात आमच्याखेरीज एकच नवं जोडपं आहे, ते जेवायलासुद्धा खाली येत नाही. मालकीणबाई फार गोड हसतात. वरची कवळी चांगली बसलीय, खालची सैल आहे, ती बोलताना जिभेने सावरून घेतात. तू म्हणशील, हिला माणूस दिसण्याआधी त्याचे दात दिसतात. दिसतात रे. जन्म गेला दुसऱ्यांच्या कवळ्या करण्यात, आता काय नजर बदलणार?

बाबा कसे आहेत हे तू विचारलेलं नाहीस, तरी सांगते. तब्येत तशी ठणठणीत. दोनदा पडले, एकदा बाथरूममध्ये आणि एकदा जिन्यात. हाड मोडलं नाही. जिन्यात पडले तेव्हा मी कामावर होते, तळमजल्याच्या बाईंनी त्यांना धरून बसवलं आणि मला फोन केला. मध्ये एकदा गॅस चालू ठेवून फिरायला गेले. मी ओरडले तर म्हणाले, बर्फाच्या कारखान्यात फिटर होतो मी, आगीचं मला काय सांगतेस.

हे गाव मी सुचवलं आणि ते लगेच हो म्हणाले. बाबा लगेच हो म्हणाले की मला काळजी वाटते. इथे एका शोधकाचं संग्रहालय आहे. तो माणूस या गावातच जन्मला, इथेच नाना तऱ्हेची यंत्रं बनवत बसला आणि इथेच गेला. त्याच्यावरचं वर्तमानपत्रातलं कात्रण बाबांनी गेलं वर्षभर पाकिटात जपलंय. त्यामुळे मला वाटलं, उत्साह त्याचा असेल. पण चार दिवसांच्या मुक्कामाला माणूस केवढी बॅग आणतो? टॅक्सीवाल्याने ती उचलताना विचारलं, आत दगड भरलेत का. बाबा म्हणाले, उपयोगाच्या वस्तू आहेत, सावकाश ठेव.

इथे आलं की मन शांत होतं असं सगळे म्हणतात. माझं होत नाही. खोलीत बसले की बाल्कनीत जावंसं वाटतं, बाल्कनीतून खाली, खालून तळ्याकडे, आणि तळ्याशी पोचले की बाबा एकटे आहेत म्हणून परत वर. सकाळपासून हेच चाललंय. बाबाही तसेच. ते तर दाराची कडी सैल आहे म्हणून मालकीणबाईंकडे पेचकस मागायला गेलेत.

माझ्या नोकरीत थोडा बदल होण्यासारखा आहे. त्याचं नंतर लिहीन.

तुझी,
धाकटी


मंगळवार, संध्याकाळ

दादा,

आज संग्रहालय पाहिलं. आधी त्याचंच लिहिते, कारण बाकीचं लिहायला मला जरा धीर गोळा करायचाय.

शोधकाचं राहतं घरच आहे ते, दुमजली, तळ्याकडे तोंड करून. प्रत्येक खोलीत त्याची यंत्रं मांडलीत आणि प्रत्येकाखाली पाटी आहे. पाटीवर वस्तूचं नाव, ती कुणासाठी केली, आणि शेवटच्या ओळीत तिचा वापर झाला का ते. ही शेवटची ओळ वाचायलाच लोक येत असावेत. पन्हळ लावलेली छत्री, पत्नीसाठी, वापर: एकदा. बूट वाळवण्याची पेटी, घरातल्या सर्वांसाठी. वापर: मांजराने केला. ठरलेल्या वेळी तिरका होऊन झोपलेल्याला खाली उतरवणारा पलंग, धाकट्या भावासाठी; वापर: भाऊ त्यानंतर जमिनीवर झोपू लागला. मी इतकी हसले की बाबांनी कोपर मारलं.

तो धाकटा भाऊ म्हणजे संग्रहालय चालवतात त्या गृहस्थांचे वडील. हे गृहस्थ शोधकाचे पुतणे, साधारण माझ्याच वयाचे, विधुर आहेत असं बाबांनी मला आत शिरताशिरता सांगितलं. त्यांना हे कसं माहीत, हे विचारायचं राहून गेलं. मी त्यांना मनातल्या मनात पुतणेबुवा म्हणते. दात स्वतःचे आहेत, वरच्या बाजूचा एक सोडून. फार नीटनेटके आणि फार घाबरलेले. आम्हाला चहा दिला तेव्हा बशी वाजत होती. पाहुणे कमी येत असतील, सवय नसेल, असं मी धरून चालले.

बाबांचंही आज काहीतरी बिनसलंय. सकाळी मला म्हणाले, जरा बरं काहीतरी घाल. माझ्या आयुष्यात त्यांनी माझ्या कपड्यांकडे पाहिलेलं मला आठवत नाही. स्वतः इस्त्रीचा शर्ट चढवला. आणि तिथे छत्र्यांच्या खोलीत पोचल्यावर, मी जरा बाथरूमला जाऊन येतो, असं सांगून जे गेले ते किती वेळ आलेच नाहीत. मी आणि पुतणेबुवा त्या छत्रीसमोर उभे. तिला पन्हळ का लावली, पाणी कुठून कुठे जातं, सगळं त्यांनी सांगून झालं, आणि मग त्यांनी तेच पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

बाबा सापडले वरच्या मजल्यावर, एका खुर्चीसमोर. बसलेल्या माणसाला हळूहळू वर उचलून उभं करणारी खुर्ची. शोधकाने आईसाठी केली होती, तिचे गुडघे गेले होते तेव्हा. पाटीची शेवटची ओळ बाबांनी मला मोठ्याने वाचायला लावली, चष्मा आणला नाही म्हणे. चष्मा त्यांच्या खिशात दिसत होता. ओळ अशी होती: "वापर: झाला नाही. आईने सांगितले, मला उठायचे असेल तेव्हा मी हाक मारीन, तू येत जा."

मी वाचलं आणि बाबांनी वाकून खुर्चीखाली पाहिलं. मग म्हणाले, स्प्रिंग चांगली निवडलीय.

आता ते बाकीचं. दादा, हवापालट वगैरे काही नाही. तळ्याच्या पलीकडच्या काठाला म्हाताऱ्या माणसांसाठी निवास आहे. तोच, ज्याचा विषय मी काढला तेव्हा तू म्हणालास, "बापाला टाकून द्यायला निघालीस?" आणि फोन ठेवलास. मुद्दाम या गावातला शोधला, निदान संग्रहालय तरी जवळ असेल, रोज जाऊन काही खुडबुड करतील म्हणून. आमच्या कवळ्यांच्या प्रयोगशाळेचे मालक दुसऱ्या शहरात शाखा काढतायत आणि ती मला सांभाळायला देतायत. पूर्णपणे माझ्या हाताखाली. शनिवारपर्यंत उत्तर हवंय. बाबांना तिकडे न्यायचं तर तिथेही मी दिवसभर कामावर आणि ते एकटे, फक्त जिना नवा. तुझ्याकडे ठेव म्हटलं तर तुझा मेसेज आला: "माझ्याकडे शक्य नाही. पुन्हा हा विषय नको." इकडे ठेवायचं नाही, तिकडे न्यायचं नाही, तुझ्याकडे पाठवायचं नाही. मग त्यांना ठेवू कुठे, त्या पलंगावर?

उद्या मी त्यांना निवास दाखवणार आहे. अजून सांगितलेलं नाही. पलीकडच्या काठाला फिरायला जाऊ म्हटलंय. मला घास गिळवत नाही, दादा. मला राग येतो तुझा, आणि मग त्याच रागात वाटतं, तू इथे असतास तर बरं झालं असतं.


बुधवार, दुपार

दादा,

तू असं का केलंस? म्हणजे, चांगलंच केलंस, पण मला का नाही कळवलंस?

सकाळी आम्ही तळ्याला वळसा घालून निवासापाशी गेलो. फाटकापाशी मी थांबले आणि म्हटलं, बाबा, जरा आत बघू या का. ते म्हणाले, बघू की. तिथल्या व्यवस्थापिकाबाईंनी सगळं दाखवलं. जेवणघर स्वच्छ, बाथरूमला धरायला दांडे, खोलीच्या खिडकीतून थेट पाणी दिसतं. बाबा प्रत्येक नळ उघडून बंद करत होते, दारं हलवून बघत होते. एका खोलीत एक आजोबा रेडिओ ऐकत बसले होते, त्यांच्याशी दोन शब्द बोलले. मी मागे मागे. आपण बोलायला सुरुवात कशी करायची याची रात्रभर जुळवाजुळव केली होती, ती सगळी विसरले.

पण मला बोलावंच लागलं नाही. बाहेर पडताना बाबा व्यवस्थापिकाबाईंना म्हणाले, "फार छान चालवता तुम्ही. माझ्या ओळखीत कुणाला लागलं तर नक्की सांगेन. माझी सोय झालेली आहे. थोरल्याकडे."

मी म्हटलं, "कुठल्या थोरल्याकडे?"

"मला किती थोरले आहेत?" ते म्हणाले.

रस्त्याने चालता चालता सगळं सांगितलं त्यांनी. तू कधीचा मागे लागलायस, दर वेळी तेच ते, आता या, आता या. माझं काही मार्गी लागल्याशिवाय ते निघणार नव्हते, आणि मला शाखा मिळतेय हे त्यांना केव्हाच कळलेलं होतं. मी फोनवर बोलत असते तेव्हा भिंती काही बहिऱ्या नसतात, म्हणाले. निवासाचं माहितीपत्रक त्यांनी माझ्या पर्समध्ये पाहिलं होतं. चिडला नाहीत का, विचारलं. तर म्हणाले, तू बघणारच, त्यात चिडायचं काय, माणूस सोय बघतोच. इथून तुझ्याकडे थेट गाडी आहे म्हणून ते इतक्या पटकन या गावाला हो म्हणाले. इथूनच परस्पर जायचं ठरवून आले होते.

खोलीवर आल्यावर त्यांनी ती बॅग उघडून दाखवली. जाड कोट, कारण तुमच्याकडे थंडी फार. दोन स्वेटर. आईची तसबीर टॉवेलात गुंडाळलेली. आणि तळाशी हत्यारांची पिशवी, पाने, पेचकस, पक्कड सगळं. परवा मालकीणबाईंकडे पेचकस मागायला गेले ते ही पिशवी मला दिसू नये म्हणून. तुझ्या घरातले नळ गळत असतील असं त्यांनी गृहीत धरलंय.

दादा, मी तुला मनातल्या मनात काय काय बोललेय हे तुला कळलं तर तू जन्मात माझं तोंड पाहणार नाहीस. आई गेली तेव्हा दोन दिवस येऊन गेलास, त्यानंतर चार वर्षं फिरकला नाहीस, तर मी धरूनच चालले होते की तू हात झटकलेस. आणि तू इकडे बाबांना बोलावत होतास. माझ्याशी भांडलास म्हणून तो मेसेज तसा लिहिलास आणि मला खरं सांगितलं नाहीस, एवढंच ना? तसाच आहेस तू. लहानपणीही भांडण झालं की माझ्या वाट्याचा खाऊ माझ्या उशीखाली ठेवून जायचास, पण बोलायचा नाहीस.

मला आज पहिल्यांदा भूक लागली. दोन वेळा वाढून घेतलं. बाबा म्हणाले, बघ, हवा मानवली तुला.

हे पत्र टाकण्याआधी तुझ्याशी प्रत्यक्ष बोलावंसं वाटतंय. उद्या फोन करते. या वेळी उचल.


गुरुवार, दुपार

दादा,

तू उचलला नाहीस. म्हणून वहिनीला केला.

मी अगदी आनंदात होते. म्हटलं, वहिनी, बाबांना पलंग जरा उंच लागतो, सखल असला की उठताना तोल जातो, तेवढं बघा. वहिनी म्हणाली, "कसला पलंग? बाबा इकडे येणार आहेत?" तिच्या आवाजात राग नव्हता. नुसती गोंधळली होती. मी म्हटलं, दादाने बोलावलंय ना. ती म्हणाली, "ह्यांनी? मला तर काही बोलले नाहीत. थांबा, विचारून सांगते." अजून विचारतेच आहे.

मी फोन ठेवला आणि हॉटेलच्या जिन्यातच बसून राहिले. मालकीणबाई विचारून गेल्या, बरं वाटत नाही का. मग उठले आणि बाबांना शोधायला निघाले. ते संग्रहालयात गेले असणार हे उघड होतं.

तिथे बाबा नव्हते. येऊन गेले होते. पुतणेबुवा एकटेच पाट्या पुसत होते. माझा चेहरा बघून त्यांनी फडकं खाली ठेवलं आणि म्हणाले, "तुम्हाला कळलं वाटतं. मी त्यांना सांगितलं होतं, आधी मुलीला विचारा म्हणून."

मला काही कळलेलं नव्हतं. मग जे कळलं ते ऐक. बाबांनी वर्षभरापूर्वी त्यांना पहिलं पत्र पाठवलं, त्या कात्रणातल्या खुर्चीच्या स्प्रिंगबद्दल. त्यांनी उत्तर दिलं. मग पत्रं जात-येत राहिली. तिसऱ्या-चौथ्या पत्रापासून स्प्रिंग मागे पडली आणि मी पुढे आले. माझा स्वभाव, माझं काम, माझा फोटो. कुठला, तर कामावरच्या समारंभातला, ज्यात माझ्या शेजारच्या बाईंना कात्रीने कापून काढलंय, त्यांची नुसती कोपरं उरलीत. म्हणजे दादा, मी बाबांना निवासात खपवायला घेऊन आले, आणि बाबा मला या माणसाच्या गळ्यात मारायला. एकाच गाडीने, शेजारी शेजारी बसून, एकमेकांना केळी सोलून देत.

मी हसायला लागले. पुतणेबुवाही हसले, सुटका झाल्यासारखे. परवा छत्रीसमोर त्यांना दरदरून घाम फुटला होता, म्हणाले. बाबा त्यांना लिहायचे, मुलगी माझ्यापायी लग्नाची राहिली, तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण मला दिसतं. हे ऐकल्यावर मात्र माझं हसणं थांबलं. मी बाबांपायी राहिले नाही, मला जमलं नाही म्हणून राहिले. पण ते इतकी वर्षं हे ओझं वागवतायत हे मला माहीत नव्हतं. मला रडू आलं आणि मी त्या परक्या माणसासमोर रडले.

मग पुतणेबुवा माझी समजूत घालायला म्हणाले, "तुम्ही वडिलांची काळजी करू नका. तुमचे भाऊ किती आग्रह करतायत त्यांना. प्रत्येक पत्रात असतंच, थोरला सारखा या म्हणतो, त्याने माझ्यासाठी खिडकीजवळची जागासुद्धा ठेवलीय."

खिडकीजवळची जागा. दादा, प्रत्येक पत्रात. गेलं वर्षभर, एका अनोळखी माणसाला, बाबा तुझं बोलावणं कळवतायत.

मी त्यांना काही सांगितलं नाही. तुझी अब्रू राखली म्हण, नाहीतर बाबांची. आता संध्याकाळपर्यंत तळ्याभोवती किती फेऱ्या होतील कोण जाणे. पाय थांबतच नाहीत.


शुक्रवार, सकाळ

दादा,

सोमवारचं पत्र मी टाकलं नाही, कारण ते खोटं होतं. मंगळवारचं टाकलं नाही, कारण ते खरं होतं. बुधवारचं आता वाचवत नाही. पण सगळी एकाच पाकिटात घालून पाठवतेय. कुरिअरवाला म्हणाला, उद्या दुपारच्या आत तुझ्या हातात पडेल.

काल ठरवलं होतं की बाबांना स्पष्ट सांगायचं. तुमचा थोरला नको म्हणालाय, मेसेज आहे माझ्याकडे, हा बघा. मग त्यांना घेऊन परत निवासात जायचं, नाहीतर घरी, नाहीतर मालकांना नाही म्हणायचं. काहीही एक करून ही धावपळ संपवायची. आज नाश्ता झाल्यावर आम्ही धक्क्यावर जाऊन बसलो. होडीवाला ताडपत्रीच्या दोऱ्या आवळत होता आणि बाबा त्याच्या गाठी कशा चुकतायत ते मला सांगत होते.

मी विचारलं, "बाबा, दादाने तुम्हाला नेमकं बोलावलं कधी?"

त्यांनी नजर होडीवाल्याच्या गाठींवरून काढली नाही.

"तोंडाने नाही बोलावलं," ते म्हणाले. "पण बोलावतो तो. मनातून. मुलगा आहे माझा, मला कळत नाही होय? त्याला मागता येत नाही, एवढंच. लहानपणी भूक लागली तरी सांगायचा नाही, नुसता येऊन ताटाजवळ उभा राहायचा. आपणच ओळखून वाढायचं."

हातातल्या पर्समध्ये फोन, आणि फोनमध्ये तू.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाबा असे कधी बघत नाहीत, ते बोलताना नेहमी हाताने काहीतरी चाळा करत असतात. "का गं? तुला काही बोलला का तो? नको म्हणून?"

दादा, मी तेव्हा खरं सांगू शकले असते. तोंड उघडलंही त्यासाठीच. आणि मी म्हटलं, "नाही बाबा. उलट मलाच रागावला. म्हणाला, किती दिवस ठेवून घेणार आहेस त्यांना, आता माझ्याकडे पाठव."

"असंच म्हणाला? माझ्याकडे पाठव?"

"असंच."

"त्याच्या तोंडाने?"

"त्याच्या तोंडाने."

त्यांनी चष्मा काढला, शर्टाने पुसला, परत लावला, परत काढला. "बघ," म्हणाले. "सांगत होतो ना मी." मग एकदम उठायला गेले, तोल गेला, मी धरलं. म्हणाले, आता जातोच आहे तर जरा केस कापून घेतो, असा अवतार घेऊन गेलो तर सून म्हणेल, हे कोण आलं दारात. आणि माझा हात सोडवून एकटे गेले रस्ता ओलांडून न्हाव्याकडे. मी इथे बाकावर बसून हे लिहितेय. दुकानाच्या काचेतून ते दिसतायत, गळ्याभोवती पांढरं कापड, आणि सारखे काहीतरी बोलतायत. न्हाव्याला तुझंच सांगत असतील.

त्यांना माहीत होतं, दादा. आजवर ते स्वतःच स्वतःला बोलावत होते आणि आतून त्यांना माहीत होतं. म्हणून तर मला तीन-तीनदा विचारलं.

मला तुझ्या अडचणी माहीत नाहीत. जागा कमी असेल, वहिनीला त्रास असेल, तुझं आणि बाबांचं पटणार नाही, सगळं असेल. बाबा तुझ्या नळांत हात घालतील, गॅसचं लक्ष ठेवावं लागेल, दोन दिवसांत तुझं डोकं उठवतील. मी नवीन शहरात स्थिरावले की महिन्या-दोन महिन्यांनी त्यांना काही दिवस माझ्याकडे नेईन, पुन्हा तू ने, असं काहीतरी आपण दोघं मिळून बसवू. निवास वाईट नाही, तिथे त्यांना कधी स्वतःहून जावंसं वाटलं तर तेही बघू. पण आधी ते तुझ्याकडे येणार. मालकांना मी मघाशी हो कळवलं. पुतणेबुवांचं काय, हे तू विचारू नकोस, तो विषय तुझा नाही.

तुझा मेसेज मी पुसून टाकला. आता तो तुझ्याखेरीज आणि माझ्याखेरीज कुणालाच माहीत नाही. तू मला खोटं पाडू शकतोस. ते सोपं आहे, दारात उभं राहून एकच वाक्य बोलायचं. पण मला खोटं पाडशील तेव्हा समोर मी नसेन, ते असतील, केस कापलेले, कोट घातलेला.

रविवारी सकाळच्या गाडीने आम्ही पोहोचतोय. मी त्यांना तुझ्या मजल्यापर्यंत आणीन आणि बॅग ठेवून दोन पायऱ्या मागे उभी राहीन. बेल तेच वाजवतील. वहिनीला पुढे करू नकोस. दार तू उघड. आणि ते काही बोलायच्या आधी तू बोल, "किती उशीर केलात, बाबा," एवढंच.

तुझी,
धाकटी